बड फाऊलर : संघामागून संघ

अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्याच्या कूपर्सटाऊन या सरोवराकाठच्या छोट्या गावाला बेसबॉलप्रेमी तीर्थक्षेत्र मानतात. बेसबॉलचे राष्ट्रीय संग्रहालय आणि थोर खेळाडूंचा सन्मान करणारी ‘हॉल ऑफ फेम’ ही संस्था १९३९ पासून याच गावात आहे. ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये येथेच बेसबॉलचा खेळ शोधून काढला, असा निर्वाळा विसाव्या शतकाच्या आरंभी एका समितीने दिला होता. इतिहासकारांनी ही कथा केव्हाच निकालात काढली. गावाची प्रतिष्ठा मात्र टिकून राहिली. याच गावात लहानाचा मोठा झालेला आणि पुढे आयुष्यभर व्यावसायिक बेसबॉल खेळलेला एक खेळाडू मात्र खरोखरच होऊन गेला. त्याच्या नावाची पाटी गावातल्या या संग्रहालयात लागण्यासाठी त्याच्या मृत्यूनंतर १०९ वर्षे जावी लागली. त्या खेळाडूचे नाव बड फाऊलर.

फाऊलर यांचे मूळ नाव जॉन डब्ल्यू. जॅक्सन. त्यांचा जन्म १६ मार्च १८५८ रोजी न्यू यॉर्क राज्यातीलच फोर्ट प्लेन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. ते अगदी लहान असतानाच कुटुंब कूपर्सटाऊनला येऊन राहिले. वडील न्हावीकाम करीत. मुलानेही हा व्यवसाय आत्मसात केला आणि तो त्यांना जन्मभर उपयोगी पडला. बेसबॉलचा हंगाम उन्हाळ्याचा; हिवाळ्यात, किंवा एखादा संघ अचानक मोडला की, फाऊलर यांच्या हाती पुन्हा वस्तरा आणि कात्री येत असे. ज्या गावी खेळायला जात, त्याच गावी केस कापण्याचे कामही मिळवीत. जॅक्सन हे आडनाव त्यांनी तरुणपणीच टाकले आणि ते फाऊलर झाले. भेटेल त्याला ‘बड’ म्हणण्याच्या सवयीमुळे लोकांनी तेच नाव त्यांना चिकटवले, असे सांगितले जाते.

अशा खेळाडूसाठी इंग्रजीत ‘जर्नीमन’ असा एक शब्द आहे. त्याचे मराठी करताना अनुवादकाची थोडी अडचण होते. सहज मनात येतो तो ‘फिरस्ता’ हा शब्द. परंतु मूळ शब्दाचा प्रवासाशी संबंध नाही. तो फ्रेंच भाषेतील दिवस या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. शिकाऊपण संपलेला, कामात तरबेज असलेला, पण स्वतःचे दुकान नसल्यामुळे दुसऱ्याकडे रोजावर राबणारा कारागीर, असा त्याचा जुना अर्थ. बेसबॉलमध्ये कोणत्याच संघात फार काळ न टिकणाऱ्या, साधारण कुवतीच्या खेळाडूला हे विशेषण लावतात. फाऊलर यांना जुना आणि नवा असे दोन्ही अर्थ लागू पडतात, फक्त साधारण कुवत ही गोष्ट त्यांच्याबाबतीत खरी नव्हती.

जुन्या काही पुस्तकांत फाऊलर १८७२ मध्येच, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षी, पेनसिल्व्हेनियातील न्यू कॅसल येथे पैसे घेऊन खेळत होते असा उल्लेख आढळतो. संशोधकांना त्यास आधार मिळालेला नाही. खात्रीची नोंद सुरू होते ती १८७८ पासून. त्या वर्षी २४ एप्रिल रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील चेल्सी येथील स्थानिक संघाची गाठ बोस्टनच्या संघाशी पडली. बोस्टन हा त्या वेळचा राष्ट्रीय लीगचा विजेता संघ. त्यांचा टॉमी बाँड हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, आदल्या हंगामात ४० सामने जिंकून आलेला. चेल्सीकडून चेंडू फेकायला वीस वर्षांचे फाऊलर उभे राहिले आणि त्यांनी बोस्टनला २-१ असे हरविले. सामना प्रदर्शनीय होता, गुणतक्त्यात त्याला स्थान नव्हते. परंतु वृत्तपत्रांचे लक्ष गेले. पुढच्याच महिन्यात ते लिन गावच्या ‘लाइव्ह ओक्स’ या व्यावसायिक संघात दाखल झाले. हा संघ इंटरनॅशनल असोसिएशन या संघटनेत खेळत असे. संघटित व्यावसायिक बेसबॉलमध्ये उतरलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू अशी फाऊलर यांची ओळख इतिहासात आहे, ती यामुळे.

अमेरिकेतील यादवी युद्ध संपून तेव्हा तेरा वर्षे झाली होती. गुलामगिरी कायद्याने गेली होती. बेसबॉलच्या लीगमध्येही कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारा लेखी नियम बहुतेक ठिकाणी नव्हता. पण नियम नव्हता म्हणून वाट मोकळी होती असे नव्हे. कोणाला घ्यावे हे संघाचे मालक ठरवीत. मालक राजी झाले, तरी कोणाबरोबर खेळावे हे सहकारी ठरवीत. १८८१ मध्ये कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या ग्वेल्फ येथील ‘मेपल लीफ्स’ संघाने फाऊलर यांना बोलावून घेतले. ते गावात पोहोचले, तेव्हा संघातील काही खेळाडूंनी त्यांच्याबरोबर मैदानात उतरण्यास नकार दिला. फाऊलर त्याच प्रांतातील पेट्रोलिया या गावी गेले आणि तेथील संघातून खेळू लागले. त्यांच्या पुढल्या चौदा वर्षांची ही जणू रीतच होऊन गेली.

१८८४ मध्ये ते मिनेसोटा राज्यातील स्टिलवॉटर या लाकडाच्या वखारींच्या गावी आले. येथील संघ नॉर्थवेस्टर्न लीगमध्ये नवखा होता आणि त्याने हंगामाची सुरुवात सलग १६ पराभवांनी केली. हा क्रम अखेर मोडला तो फाऊलर यांनी चेंडू फेकलेल्या सामन्यात. आनंदित झालेल्या गावकऱ्यांनी त्यांना दहा डॉलर आणि कपड्यांचा एक नवा जोड बक्षीस दिला. मात्र सतत चेंडू फेकून त्यांचा हात दुखावला होता. संघालाही माणसांची चणचण होती. फाऊलर यष्टिरक्षकासारखे मागे बसून चेंडू झेलत, कधी दूरच्या क्षेत्रात उभे राहत, आणि हळूहळू त्यांनी आपली कायमची जागा निश्चित केली. ती जागा म्हणजे दुसरा बेस.

क्रिकेटच्या परिचयातल्या वाचकांसाठी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. बेसबॉलचे आतले मैदान चौकोनी असते आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चेंडू टोलवून फलंदाज क्रमाने हे बेस गाठत धावतो आणि चौथ्यावर, म्हणजे निघाल्या जागी परतला, की एक धाव होते. दुसरा बेस पिचरच्या पाठीमागे, मैदानाच्या मधोमध असतो. त्याचे रक्षण करणाऱ्याला डावीउजवीकडे सरपटत येणारे चेंडू अडवावे लागतात आणि पहिल्या बेसवरून धावत येणाऱ्या खेळाडूला बाद करण्यासाठी चेंडूची वाट पाहत बेसपाशी उभे राहावे लागते. धावणारा शेवटच्या क्षणी जमिनीवर अंग टाकून पाय पुढे करून घसरत येतो. त्याच्या बुटांना लोखंडी खिळे असतात. चेंडूवर नजर लावून उभ्या असलेल्या रक्षकाची नडगी नेमकी त्यांच्या वाटेत येते. एकोणिसाव्या शतकातील खेळाडू हातमोज्यांच्या बाबतीतही फारसे सुदैवी नव्हते. फाऊलर तर उघड्या हातांनीच चेंडू अडविण्याबद्दल प्रसिद्ध होते.

रक्षक कृष्णवर्णीय असेल, तर हे घसरणे केवळ बेस गाठण्यासाठी राहत नसे. दुसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूने पायाला लाकडी पट्ट्या बांधायला सुरुवात केली आणि मग गोऱ्या खेळाडूंनी त्या पट्ट्या फोडण्यासाठी आपले खिळे अधिक धारदार केले, अशी आठवण त्या काळातील एका गोऱ्या खेळाडूनेच १८९१ मध्ये सांगितली होती. ती फाऊलर यांच्याविषयी सांगितली जाते, तशीच बफेलो संघातील फ्रँक ग्रँट यांच्याविषयीही. दोघेही दुसऱ्या बेसचेच खेळाडू होते. नडगीच्या रक्षणाची साधने पुढे यष्टिरक्षकांनी सर्रास वापरली, पण त्यांचे श्रेय या दोघांकडे फारसे कोणी दिले नाही.

स्टिलवॉटरचा संघ हंगाम पुरा होण्याआधीच मोडला. १८८५ मध्ये फाऊलर आयोवातील किओकक येथे वेस्टर्न लीगमध्ये खेळले. तेथे त्यांचे कौतुक झाले, त्यांच्यासाठी प्रेक्षक आले, आणि लीगच बंद पडली. त्या काळात संघ व लीग उन्हाळी दुकानांसारख्या उघडत व मिटत असत, हेही लक्षात घ्यायला हवे. फाऊलर यांच्या भटकंतीचा दोष सर्वस्वी वर्णद्वेषाकडे जात नाही. गोऱ्या खेळाडूंनाही गावे बदलावी लागत. फरक पुढच्या पायरीवर पडे. लीग बुडाली की चांगल्या गोऱ्या खेळाडूला वरच्या लीगमधून बोलावणे येई. फाऊलर यांना पुन्हा तितक्याच किंवा त्याहून लहान गावी जावे लागे. किओककनंतर ते कोलोरॅडोत गेले. त्या वर्षाअखेरीस ‘स्पोर्टिंग लाइफ’ या क्रीडा साप्ताहिकाने त्यांची गणना देशातील उत्तम अष्टपैलू खेळाडूंत केली आणि ते गोरे असते तर सर्वश्रेष्ठ संघांतून खेळत असते, असे मोकळेपणाने लिहिले. हा अभिप्राय छापून आल्यानंतरही कोणत्याही सर्वश्रेष्ठ संघाने त्यांना बोलावले नाही.

१८८६ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपीका संघाकडून खेळताना त्यांनी .३०९ ची सरासरी राखली. म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींत ३०९ यशस्वी फटके. बेसबॉलमध्ये .३०० च्या वरची सरासरी उत्तम समजली जाते. तीन बेस गाठून देणारे १२ फटके मारून त्या प्रकारात ते लीगमध्ये पहिले आले. आणि १८८७ मध्ये त्यांना आतापर्यंतची सर्वांत मोठी संधी मिळाली. राष्ट्रीय पातळीवरील दोन मोठ्या लीगच्या खालोखाल मानल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल लीगमधील बिंगहॅम्टन संघाने त्यांना करारबद्ध केले. बिंगहॅम्टन न्यू यॉर्क राज्यातच, कूपर्सटाऊनच्या नैर्ऋत्येला. इतक्या वर्षांनी ते घराजवळ आले होते.

त्या उन्हाळ्यात या एकाच लीगमध्ये सात कृष्णवर्णीय खेळाडू होते. बफेलोकडे ग्रँट होते. नेवार्ककडे पिचर जॉर्ज स्टोव्ही आणि यष्टिरक्षक फ्लीट वॉकर ही जोडी होती; यांपैकी वॉकर १८८४ मध्ये मोठ्या लीगमध्येही खेळून आले होते. बिंगहॅम्टनकडे फाऊलर यांच्याबरोबर विल्यम रेनफ्रो नावाचे पिचर होते. फाऊलर यांनी ३४ सामन्यांत .३५० ची सरासरी गाठली आणि २३ बेस चोरले. चोरले म्हणजे पिचरचे लक्ष नसताना धावून पटकावले. वय २९ वर्षे. खेळाडूच्या आयुष्यातला हा ऐन भराचा काळ.

जूनअखेरीस संघातील खेळाडूंनी व्यवस्थापनाला तार पाठवून कळविले की, कृष्णवर्णीय खेळाडूंना काढले नाही तर आपण मैदानात उतरणार नाही. जुलैच्या सुरुवातीला फाऊलर यांना मुक्त करण्यात आले. त्यांनी याच लीगमधील दुसऱ्या कोणत्याही संघाशी करार करू नये, अशी अट त्यांना घालण्यात आली. ही अट वाचताना वाचकाला थांबावेसे वाटते. सरासरी घसरलेल्या खेळाडूवर कोणी अशी अट घालत नाही. तो शेजारच्या संघाकडून आपल्याविरुद्ध खेळेल अशी धास्ती असते तेव्हाच ती घातली जाते. काही आठवड्यांनी संचालकांनी तार पाठविणाऱ्या खेळाडूंना प्रत्येकी ५० डॉलर दंड केला. फाऊलर मात्र परत आले नाहीत.

१४ जुलै १८८७ रोजी बफेलो येथे लीगच्या संचालकांची बैठक झाली. गोरे खेळाडू लीग सोडून जात असल्याच्या तक्रारी तेथे मांडल्या गेल्या आणि यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंचे नवे करार मंजूर करू नयेत, असे बहुमताने ठरले. योगायोगाने त्याच दिवशी नेवार्क येथे शिकागोच्या बलाढ्य संघाशी प्रदर्शनीय सामना होता. शिकागोचे कर्णधार कॅप ॲन्सन कृष्णवर्णीयांविरुद्ध खेळण्यास नकार देण्याबद्दल कुप्रसिद्ध होते. नेवार्कचे स्टोव्ही त्या दिवशी खेळले नाहीत. प्रकृतीचे कारण पुढे करण्यात आले. करार झालेल्यांना पुढे आणखी एक-दोन वर्षे मिळाली. दरवाजा एकदम बंद झाला नाही. तो हळूहळू लोटला गेला, आणि फाऊलर ज्या ज्या फटीतून आत शिरता येईल तेथून शिरत राहिले.

बिंगहॅम्टननंतर व्हरमाँटमधील माँटपेलियर. १८८८ मध्ये इंडियानातील क्रॉफर्ड्सव्हिल आणि टेरे होट, मग थेट नैर्ऋत्येकडील न्यू मेक्सिकोतील सांता फे. १८८९ मध्ये मिशिगनमधील ग्रीनव्हिल. १८९० मध्ये इलिनॉय आणि आयोवातील तीन गावे. १८९२ मध्ये नेब्रास्का. ही यादी नकाशावर ठेवून पाहिली, तर अर्धा देश रेल्वेने पालथा घातल्याचे दिसते. संघटित लीगमधील त्यांचे एकंदर दहा हंगाम भरतात. एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या कोणत्याही कृष्णवर्णीय खेळाडूच्या वाट्याला इतके हंगाम आले नाहीत.

१८९४ मध्ये ते ओहायोतील फिंडली येथे खेळत होते. तेथे त्यांच्याबरोबर ग्रँट जॉन्सन हे तरुण खेळाडू होते, जे पुढे ‘होमरन’ जॉन्सन या नावाने गाजले. दुसऱ्याच्या संघात जागा मागत फिरण्याऐवजी स्वतःचा संघ काढावा, असा विचार या दोघांनी केला. भांडवल मिशिगनमधील एड्रियन गावात मिळाले. शेताला लावण्याच्या विणलेल्या तारेचे कुंपण बनविणाऱ्या पेज कंपनीने जाहिरातीसाठी संघाला नाव आणि पैसा दिला. एका सायकल कंपनीनेही हात लावला. अशा रीतीने १८९५ मध्ये ‘पेज फेन्स जायंट्स’ हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ उभा राहिला. आयुष्यभर ज्यांना कुंपणाबाहेर ठेवले, त्यांच्या छातीवर कुंपणवाल्याचे नाव आले, ही गंमत त्या काळीही कोणाच्या तरी ध्यानात आली असेलच.

या संघासाठी स्वतंत्र रेल्वे डबा होता. त्यात झोपण्याची सोय होती, बरोबर स्वयंपाकी होता. ही चैन नव्हती. बहुतेक गावांत कृष्णवर्णीयांना उपाहारगृहात जेवण आणि मुक्कामाला खोली मिळण्याची खात्री नसे. चाकांवरच घर असले की तो प्रश्न सुटे. गाडी गावात पोहोचली की खेळाडू सायकलींवर बसून रस्त्यातून मिरवणूक काढीत. लोक बघायला येत आणि मागोमाग मैदानावर जात. एप्रिलमध्ये सिनसिनाटीच्या मोठ्या लीगमधील संघाशी झालेले दोन सामने त्यांनी गमावले. पण हंगामाअखेर हिशेब झाला तेव्हा १५६ सामन्यांपैकी ११८ विजय, ३६ पराभव आणि दोन अनिर्णित अशी त्यांची कामगिरी होती.

हा हिशेब होईपर्यंत फाऊलर संघात नव्हते. जुलैमध्येच ते आपण उभारलेला संघ सोडून मिशिगन स्टेट लीगमधील एड्रियनच्या गोऱ्या संघात गेले आणि मग लॅन्सिंगकडून खेळले. स्वतःच्या घरातून उठून पुन्हा भाड्याच्या खोलीत जाण्यासारखे हे वाटते. तथापि, प्रदर्शनीय सामन्यांतले कौतुक आणि लीगच्या गुणतक्त्यात नोंदली जाणारी धाव यांत त्यांच्या दृष्टीने अंतर असावे. वय ३७ होते. मान्यताप्राप्त लीगमधील तो त्यांचा शेवटचा हंगाम ठरला. त्यानंतर थोड्याच वर्षांत अशा लीगमधून कृष्णवर्णीय खेळाडू पूर्णपणे दिसेनासे झाले.

पुढची वर्षे त्यांनी संघ बांधण्यात आणि फिरविण्यात घालविली. ‘ऑल अमेरिकन ब्लॅक टुरिस्ट्स’ हा त्यांचा संघ सामन्यापूर्वी उंची कोट, उंच टोप्या आणि रेशमी छत्र्या अशा थाटात गावातून फेरी काढीत असे. पैसा फारसा साठला नाही. १९०९ पर्यंत प्रकृती ढासळली होती. त्यांच्या मदतीसाठी एक सामना भरवावा असा प्रयत्न मित्रांनी केला, तो तडीस गेला नाही. अखेरच्या काळात ते न्यू यॉर्क राज्यातील फ्रँकफर्ट येथे बहिणीच्या घरी होते. रक्तक्षयाच्या गंभीर विकाराने २६ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना ५५ वे वर्ष पूर्ण होण्यास जेमतेम अडीच आठवडे उरले होते. त्यांच्या थडग्यावर दगड बसविण्यात आला नाही.

१९४६ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी माँट्रियलकडून खेळताना संघटित बेसबॉलमधील वर्णबंदी मोडली. ती लीग होती इंटरनॅशनल लीग, आणि रॉबिन्सन त्या हंगामात उभे होते दुसऱ्या बेसवर. वृत्तपत्रांनी त्यांना पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हटले. फाऊलर यांची आठवण असणारे तेव्हा फार थोडे उरले होते.

फ्रँकफर्टच्या स्मशानभूमीतील त्यांच्या जागेवर बेसबॉल इतिहासाच्या अभ्यासकांच्या संस्थेने १९८७ मध्ये नावाचा दगड बसविला. २००६ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’ने कृष्णवर्णीय बेसबॉलमधील १७ जणांची एकत्रित निवड केली, ग्रँट त्यात होते, फाऊलर नव्हते. २०१३ मध्ये कूपर्सटाऊनने डबलडे मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला ‘फाऊलर वे’ असे नाव दिले. डिसेंबर २०२१ मध्ये आरंभीच्या काळातील खेळाडूंसाठी नेमलेल्या समितीने त्यांची निवड केली आणि २४ जुलै २०२२ रोजी, ज्या गावात ते चेंडू झेलायला शिकले, त्याच गावात समारंभपूर्वक त्यांची पाटी लावण्यात आली. त्यांच्या वतीने त्या दिवशी विख्यात माजी खेळाडू डेव्ह विनफिल्ड यांनी भाषण केले.